दोन हाकांमधलं खेचर

"कुंकू न्हाई म्हनून काय झालं? तांबडं आसलं म्हंजे बास," असं म्हणत दाजींनी टोमॅटोच्या लगद्याचा डबा संगिनीने फोडला, त्यात बोट बुडवलं आणि खेचराच्या कपाळावर आडवं ओढलं.

खेचराने जीभ काढून तो टिळा चाटायचा प्रयत्न केला. जीभ नाकापर्यंतच पोचली.

"शिदू, बिस्कुट आन."

मी खिशातलं बिस्किट काढून दिलं. पलटणीला मिळणारं ते बिस्किट दाताने तुटत नसे. काही शिपाई त्यावर वस्तरा घासतात अशी बोलवा होती. भाकरतुकड्याच्या जागी दाजींनी ते खेचरावरून ओवाळलं आणि मागे न बघता खांद्यावरून दरीत भिरकावलं. दरीपलीकडच्या डोंगरावर जर्मन होते. त्यांच्यातल्या कुणाला ते लागलं असेल, तर त्या दिवशी आमच्या पलटणीने केलेला तेवढाच हल्ला.

मग दाजींनी पाण्याचा डबा उचलला, तेव्हा मात्र जमादार साळोखे पुढे आले.

"हैबती, पाणी खालनं वर आणायला जनावरं मरायला लागल्यात, आन तू त्ये जनावराच्याच पायावर वततूस व्हय?"

"नवं जनावर दारात आलंय, साब. पायावर पानी नको?"

"दार कुठं दिसतंय तुला?"

जमादारांचं म्हणणं खरं होतं. ज्या घराच्या आडोशाला आम्ही उभे होतो त्याची एक भिंत आणि उंबरा एवढंच तोफांनी शिल्लक ठेवलं होतं. दाजींनी विचार केला, खेचराला ओढत त्या उंबऱ्याशी उभं केलं आणि पाणी ओतलं. जमादार बघत राहिले. तेही कागल तालुक्यातले. त्यांचा जीव पाण्यासाठी तुटत होता, पण उंबऱ्याशी आलेल्या जनावराला कोरडं घ्या असं म्हणवेना.

साल चव्वेचाळीस, इटलीतले डोंगर. चेस्टनटची पानं पिवळी पडली होती आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा. दाजी म्हणजे हैबतराव नलवडे, माझ्या धाकट्या बहिणीचे, तानीचे मालक. आमची दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या कुंभार्ली घाटातून तट्टांवर मीठ वाहणारी. भरतीच्या साहेबाला आम्ही हे अभिमानाने सांगितलं. त्याने आमच्या मराठा पलटणीतल्या सगळ्यांना बंदुका दिल्या, आणि आम्हा दोघांना बंदुका आणि खेचरं अशी दोन्ही ओझी दिली. निघताना तानीने मला एकच काम सांगितलं होतं. "दादा, ह्यास्नी परत आन. त्यास्नी सोताचं काय बी कळत न्हाई." हे दाजींच्या समोर सांगितलं होतं. दाजींनी मान डोलवली होती.

"आता दावं," दाजी म्हणाले.

त्यांनी खेचराच्या गळ्यातलं जर्मन दावं सोडलं. आपल्याकडे जनावर विकणारा दावं कधी देत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. जनावर नव्या धन्याच्या दाव्याने जातं. जुनं दावं जुन्या घरी राहतं. दावं बदललं की जनावर आपलं. दाजींनी पॅराशूटच्या दोऱ्यांचं दावं सकाळपासून बसून वळलं होतं. ते त्यांनी खेचराच्या गळ्यात घातलं आणि जुनं दावं नीट गुंडाळून, दोन्ही हातांत धरून, विकणाऱ्याच्या पुढे केलं.

विकणारा जर्मन कैदी होता. त्याने काही विकलं नव्हतं. तरी त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्याचं नाव आलोइस. पलटणीत आल्या दिवशीच त्याचा आळशा झाला. माणूस उजाडल्यापासून राबायचा, पण नावाला कोण काय करणार. दोन दिवसांपूर्वी धुक्यातून तो खेचर धरून थेट आमच्या पहाऱ्यावर आला होता. पहारेकऱ्याने हात वर करायला सांगितलं. त्याने एकच हात वर केला. दुसराही कर म्हटल्यावर त्याने दावं धरलेला हात वर केला, त्यामुळे खेचराचंही डोकं वर झालं, आणि दोघं एकदम शरण आली. धुक्यात वाट चुकला असणार, असं आम्ही ठरवलं. त्याने नाही म्हटलं नाही.

कैद्याला ताबडतोब मागे पाठवायचं, असा हुकूम असतो. पण कॅप्टनसाहेबांना खेचर हवं होतं, आणि खेचर आळशाशिवाय एक पाऊल उचलत नव्हतं. आमच्या 'हुर्र'ला ते कान पाडून बघत राही, जणू पुढच्या वाक्याची वाट बघतंय. तेव्हा खेचराची शिकवणी संपेपर्यंत मास्तरांना ठेवून घ्यावं असं ठरलं, आणि ही बातमी वर कुणाला कळवू नये असंही ठरलं.

"नाव काय ठिवायचं?" मी विचारलं.

"भागू," दाजी म्हणाले.

भागीरथी हे माझ्या आईचं नाव.

"दाजी, सासूचं नाव खेचराला?"

"ती माझं कंदी आयकत न्हाई. ही तरी आयकंल."

आळशाने मला विचारलं, हे सगळं काय चाललं होतं? तो इटलीच्या सरहद्दीवरच्या डोंगरातला. शाळेत इटालियन मारून मारून शिकवलेलं. मी ती भाषा अंडी विकणाऱ्या बायकांकडून शिकलो होतो. त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं, मधूनमधून भाव केल्यासारखं वाटायचं एवढंच. मी त्याला सांगितलं की आता ही आमची झाली.

"दोरी बदलली म्हणून?"

"हो."

तो हसला नाही. भागूच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "ही दोरीने चालत नाही. याने चालते. तीन वर्षं तिने तिकडचं खाल्लंय. मोकळी सोडलीत तर खाण्याच्या जागी जाईल. सांग त्याला."

मी दाजींना सांगितलं.

"त्याला म्हनावं, आता खायाला कोन घालतंय? आन दावं बदललंय. कुंकू लागलंय. बाई सुदीक तेवढ्यावर घर सोडून येती, ह्ये तर खेचार हाय."

हे मी आळशाला सांगितलं नाही. अंडी विकणाऱ्या बायकांनी मला एवढे शब्द शिकवले नव्हते.

*

आळशा ज्या जर्मन डोंगरी डिव्हिजनमधून आला तिला नंबर होता. तो मला अजून पाठ आहे. पण त्या नंबराने कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून लिहीत नाही. टोपीवर डोंगरातल्या पांढऱ्या फुलाचा बिल्ला लावायचे ते. असल्या डिव्हिजनांचे जाडजूड इतिहास पुढे निघाले म्हणतात, नकाशांसकट. मला तो इतिहास आळशाने एका सकाळी खरारा करता करता सांगितला, भागूच्या अंगावर बोट ठेवून.

मानेवरचा डाग ग्रीसमधला. तिथल्या एका तेलवाल्याने आपली खूण म्हणून दिलेला. डिव्हिजनने त्याला न विचारता भागू उचलली. फाटलेला कान हा एका बेटावरचा. खुरांच्या वरचे पांढरे केस रशियातले. तिथल्या दलदलीत जनावरं पोटापर्यंत रुतायची. माणसं ओंडके टाकून वाट करायची, सकाळी ओंडके दिसेनासे झालेले असायचे. बरगडीवरचा लांब व्रण इटलीतल्या पहिल्या हिवाळ्याचा.

"गावाहून निघालो तेव्हा आमची माणसं आणि जनावरं मोजायला अख्खा दिवस गेला होता," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता लवकर आटपतं."

"बाकीची खेचरं कुठं गेली?"

तो भागूच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात चंदीचे दाणे भरायला लागला. पत्र्याच्या डब्यात दाणे खळखळवायचा आणि तोंडाने एक लांब हाक काढायचा, शेवटी वर चढणारी. भागू कुठेही असली तरी त्या हाकेला यायची. दाजींनी ती हाक शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यांच्या तोंडून ती जोतिबाच्या नावाने चांगभलं म्हटल्यासारखी यायची. भागू तरीही यायला लागली. चार दिवसांत ती दाजींच्या हातचं खाऊ लागली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहू लागली.

"बग, सासूनं माझ्या खांद्यावर मान ठिवली," दाजी म्हणायचे. "घरी सांगितलं तर कोन इस्वास ठिवंल?"

आळशा लांबून बघायचा. त्याला ते आवडत होतं की खुपत होतं, सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

*

त्या दिवशी सकाळी पुढच्या ठाण्यावर दारूगोळा पोचवून आम्ही परत फिरलो. दाजी भागूला घेऊन पुढे, मी माझं खेचर घेऊन मागे. भुंड्या टेकाडाच्या कडेने पायवाट उतरत होती. मॉर्टरचा पहिला गोळा पडला तो माझ्या खेचरावर. खेचर गेलं. दुसऱ्याचा पत्रा दाजींच्या मांडीत घुसला.

मी माझ्या फेट्याने मांडी आवळली. फेटा लगेच भिजला. स्ट्रेचरवाले वरच्या ठाण्यावर होते. आमचा डॉक्टर खाली ओढ्याकाठी, तिथे पोचायला दुपार झाली असती.

"मला भागूवर घाल," दाजी म्हणाले. "बांद. नीट बांद, मी बेसुद पडनार हाय."

मी त्यांना खोगिरावर पालथं घालून बांधलं. निघालो, तर पुन्हा गोळे.

"दावं सोड."

"दाजी..."

"शिदू, सोड म्हनतोय न्हवं. मोकळं जनावर बेगीन जातंय."

हे बाकी खरं होतं. गोळे पडू लागले की खेचर मोकळं सोडायचं, असा आमचा रिवाज. माणसाच्या चालीने जनावर रखडतं. मोकळं सोडलं की ते आपल्या तळाकडे, आपल्या चंदीकडे अशी वाट काढतं की गोळा मागे राहतो. आमचं प्रत्येक खेचर असंच यायचं.

"पन ही..."

"ही काय? दावं बदललंय मी तिचं." त्यांचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्यांनी मला वरून खाली बघितलं, मेव्हण्याकडे बघतात तसं. "सोड. तळावर च्या ठिव माझ्यासाटनं."

त्यांनीच हात लांब करून माझ्या मुठीतून दावं ओढून घेतलं आणि भागूच्या मानेवर टाकलं. भागू धावली. मी मागून वाकून पळत होतो. खाली चेस्टनटच्या झाडांपाशी वाट फुटत होती. डावीकडे आमचा तळ. उजवीकडे एक गवताळ उतार, त्याच्या पलीकडे एक दगडी घर आणि त्याला लागून गोठा. ते घर जर्मनांचं.

भागू झाडांपाशी क्षणभर थांबली. मग उजवीकडे वळली.

*

मी भिंतीपाशी पोचलो तेव्हा जमादार साळोखे दुर्बीण लावून बघत होते. काही सांगायची गरज नव्हती. धुकं उडालं होतं. उघड्या गवतातून एक खेचर पाठीवर माणूस घेऊन जर्मनांच्या घराकडे चाललं होतं, घाई न करता, संध्याकाळी जनावर रानातून घरी जातं तसं.

"हैबती हाय?"

"व्हय."

"जित्ता हाय?"

"हाय, साब."

आळशा खोगिरं दुरुस्त करत बसला होता. त्याने मान वर केली, पाहिलं, आणि पत्र्याचा डबा उचलून पळतच आला. कुणी अडवायच्या आत तो भिंतीवर चढून उभा राहिला. अंगावर जर्मन कोट, डोक्यावर फुलाची टोपी, आणि हातात चंदीचा डबा. त्याने डबा खळखळवला आणि ती लांब हाक काढली.

भागू थांबली. कान मागे आले. ती वळली.

"शाब्बास रं आळशा," जमादार पुटपुटले.

ती आमच्याकडे येऊ लागली. तानीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात पलीकडून तीच हाक आली. तशीच लांब, शेवटी वर चढणारी, आणि मागे पत्र्याच्या डब्याची खळखळ.

आळशाचा चेहरा बदलला. "लुईस," तो म्हणाला.

लुईस म्हणजे त्याच्या गावचा. दोघांनी मिळून त्या खेचराला ग्रीसपासून सांभाळलं होतं. हे त्याने मला आधी सांगितलं होतं, पण माणसाचं नाव हाकेसारखं असं समोरून येईल हे ध्यानात आलं नव्हतं.

भागू थबकली. इकडून हाक गेली की दोन पावलं इकडे. तिकडून आली की दोन पावलं तिकडे. पुढे मी एस.टी.त कंट्रोलर झालो, आणि दोन साहेबांच्या टेबलांमधे वर्षानुवर्षं फिरणारे अर्ज पाहिले. त्यांना बघून मला दर वेळी ते गवत आठवायचं. अर्जाच्या अंगातून रक्त गळत नाही, एवढाच फरक.

बंदूक कुणीच झाडली नाही. इकडच्यांनी नाही, तिकडच्यांनी नाही. दोन्हीकडची माणसं भिंतींवरून डोकी काढून बघत होती. आमच्यातले काही जण तर 'भागू, भागू' म्हणून हाका मारायला लागले. दुर्बिणीतून मला दाजींचा हात दिसला. तो खोगिराखाली लोंबत होता आणि बोटांवरून काहीतरी ठिबकत होतं. एकदा त्या हाताची मूठ झाली, मग सुटली.

"मार हाक," जमादार म्हणाले. "जोरात."

आळशाने हाक मारली. पलीकडून हाक आली. भागू गोल फिरली. आता ती घराच्या जवळ होती, आमच्यापासून लांब. आळशा तिच्याकडे बघत होता, मग त्या घराच्या मागच्या गोठ्याकडे बघू लागला, मग आमच्या मागे खाली उतरत जाणाऱ्या लांबलचक वाटेकडे. आणि त्याचा डबा थांबला.

"का थांबला ह्यो? शिदू, इचार त्याला."

मी विचारलं.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला.

"काय म्हनतोय?"

"जाऊ दे म्हनतोय, साब."

आळशा भिंतीवरून खाली उतरला. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला आणि डबा मांडीवर उपडा घातला. दाणे मातीत सांडले. पलीकडून एकटीच हाक येत राहिली.

जमादार त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी हाताने खूण केली, डबा, तोंड, हाक. आळशाने मान हलवली. जमादारांनी बंदुकीची नळी त्याच्या छातीला लावली. त्याने पुन्हा मान हलवली. जमादारांनी बंदूक उलटी केली आणि दस्ता त्याच्या तोंडावर मारला.

तोंडातलं रक्त थुंकून त्याने मला विचारलं, "कुठं आहे ती?"

"चाललीय."

"घराकडे?"

"हो. पोचलीच."

"आणि माणूस? पाठीवर आहे ना अजून?"

"आहे."

त्याने डोळे मिटले. "बेने," तो म्हणाला.

इटलीत वर्ष काढल्यावर पलटणीतल्या प्रत्येकाला तो एक शब्द येत होता. चांगलं झालं. जमादारांनी पुन्हा दस्ता उचलला. त्यानंतर आणखी काही जण पुढे आले, आणि जमादारांना उचलायची गरज उरली नाही.

दुपारी मिलिटरी पोलीस त्याला घेऊन गेले. कैदी इतके दिवस इथे काय करत होता असं त्यांनी विचारलं नाही. त्याच्या तोंडाला काय झालं असंही नाही. तो वाकून जीपमधे चढला आणि त्या दगडी घराकडे पाठ करून बसला.

*

घरी तार गेली. बेपत्ता. तानीला वाचता येत नव्हतं, आणि गावात ज्याला येत होतं त्यालाही बेपत्ता म्हणजे जिवंत की मेलेला हे सांगता आलं नाही. कुंकू ठेवायचं की पुसायचं यावर भावकीची बैठक बसली. आईने कळवलं, की तानी त्या बैठकीत पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या दादानं आनतो म्हनून सांगितलंय.

पुढच्या उन्हाळ्यात लढाई संपली. पावसाळ्याच्या अखेरीस मला निरोप आला, पुण्याच्या लष्करी इस्पितळात या. दाजी व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. एक पाय होता. दुसऱ्याच्या जागी पायजम्याची टाचलेली घडी होती.

"या मेव्हणं," ते म्हणाले. "सासूबाई बऱ्या हायत न्हवं? खऱ्या सासूबाईंचं इचारतोय मी."

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं. मग समोरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं.

"आळशा कुठं हाय रं?"

"न्हेला त्याला. छावणीत."

"त्यो चुकून न्हवता आला, शिदू."

मी बाकड्यावर पुढे सरकलो.

"तिला घिऊन पळून आलता. त्यांच्याकडं खायाला काय बी ऱ्हायलं न्हवतं. रोज एक जनावर भटारखान्यात. रशियात बी त्येच केलं त्यांनी, आन हितं बी. त्या दिवशी हिची पाळी हुती. लुईसनं सांगितलं मला, पडल्या पडल्या त्याची भाषा कळाय लागली हुती. पाटंचं धुकं पडलं आन त्यो तिला घिऊन निगाला, लुईसला बी न सांगता."

व्हरांड्यातून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. ती जाईपर्यंत दाजी थांबले.

"त्यांचा डाक्टर त्या गोठ्यातच हुता. गेल्या गेल्या टेबलावरच घेतला मला. आनखी थोडा येळ गेला आसता तर ह्यो पायच न्हाई, सगळाच गेलो आसतो, म्हनला. तुज्याकडं आलो आसतो तर वाटंतच मेलो आसतो बग. आळशाला ठावं हुतं त्ये. त्याच गोठ्यात त्यानं लई जन न्हेऊन टाकलं हुतं."

"म्हणजे तो हाक मारायचा थांबला..."

"व्हय. आन तिकडं गेली तर तिचं काय हुनार, त्ये बी त्याला ठावं हुतं."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "काय झालं तिचं?"

दाजींनी टाचलेल्या घडीवरची सुरकुती हाताने साफ केली.

"मला रोज रसा द्यायचे. लुईस सोता भरवायचा, चमच्यानं. त्यो खायाचा न्हाई. मी इचारलं, तू का खात न्हाईस? त्यो म्हनला, भूक न्हाई. मी रोज इचारायचो, भागू कशी हाय? त्यो म्हनायचा, बरी हाय, इसावा घेतीय. मला वाटलं बकऱ्याचं आसंल." ते थांबले. "लई चव हुती रं शिदू. मी आनखी मागितला. मागून मागून खाल्ला."

"दाजी..."

"मला तिथनं मोठ्या इस्पितळात हलवायच्या दिवशी म्या म्हनलं, जाताना तिला बगू दे. तवा त्यानं त्यो वाडगा खाली ठिवला आन माज्या पोटावर हात ठिवला. ह्यो असा."

त्यांनी आपला हात आपल्या पोटावर ठेवून दाखवला. तो तिथेच राहिला. खाली बागेत माळी पाइपाने पाणी घालत होता. दाजींनी त्या पाण्याच्या धारेकडे तोंड फिरवलं.

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यो थांबला तवा तुमाला कळलं आसंल न्हवं? का थांबला त्ये? सांगितलं आसंल त्यानं."

सांगायला त्याला वेळ दिला कुणी? पण दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. पाय गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. भागूचं होतं ते त्यांनी आत्ताच बाहेर काढून ठेवलं होतं. आणखी काही ठेवायला जागा दिसेना.

"सांगितलं त्यानं," मी म्हणालो.

"जमादार काय म्हनलं?"

"जमादार काय म्हणणार? त्यांनी त्याला चहा पाजला."

"साळोख्यानं?"

"स्वतःच्या मगातून."

दाजींच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ते खुर्चीत मागे टेकले. "मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "वरडतोय लई, पन मानूस चांगला."

त्या दिवसापासून दाजींनी मटण सोडलं. गावात विचारणाऱ्यांना ते नवस बोललोय म्हणून सांगत. कसला नवस हे तानीनेही कधी विचारलं नाही. नवरा परत आला होता, तिच्या दृष्टीने नवस फिटलेलाच होता. पारावर पोरं जमली की दाजी लढाईची गोष्ट सांगत. त्या गोष्टीत भागू लढाईनंतर लुईसबरोबर त्याच्या डोंगरातल्या गावी गेली, आणि तिथे सफरचंदं खाऊन इतकी लठ्ठ झाली की खोगीर बसेना. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत.

मग ते चहाची गोष्ट सांगत. ती सांगताना मात्र माझ्याकडे बघत. दरवर्षी त्या चहात थोडी भर पडत गेली. आधी दूध पडलं, मग गूळ, मग आलं. एका वर्षी जमादारांनी आपलं कांबळं काढून आळशाच्या अंगावर घातलं. शेवटी शेवटी तर आळशा जीपमधून उतरून परत आला, जमादारांच्या गळ्यात पडला, आणि त्यांचा चहाचा मग परत करायचं विसरून तसाच घेऊन गेला.

"म्या काय म्हनतो, न्हेऊ दे," दाजी पोरांना सांगायचे. "परमुलखात तेवडीच आटवन. काय शिदू?"

"व्हय दाजी," मी म्हणायचो.